रडणाऱ्या माणसापासून सुरू होणारा धम्म

पाली साहित्य वाचायला घेतलं की एक गोष्ट लवकरच लक्षात येते. कितीतरी उपदेशांच्या सुरुवातीला कुणीतरी रडत आलेलं असतं. मेलेलं मूल कडेवर घेतलेली आई, नातीला पोचवून ओल्या कपड्यांनिशी आलेली आजी, राणीच्या मृत्यूनं खचलेला राजा, गुरू आता राहणार नाहीत हे कळल्यावर दाराला टेकून हुंदके देणारा शिष्य. तत्त्वज्ञान मागाहून येतं. आधी माणूस येतो, आणि तो कोलमडलेला असतो.

बौद्ध धम्म म्हणजे 'सगळं दुःखच आहे, मग रडून काय उपयोग' असं सांगणारी कोरडी शिकवण, असं बऱ्याच जणांना वाटतं. हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याला हात घातला आहे. जगणं दुःख, मरणं दुःख आणि पुन्हा जन्मणंही दुःख असेल, तर माणसाला आशा कसली उरली? चार आर्यसत्यं मुळात बुद्धांची, की नंतर भिक्खूंनी घातलेली? असं त्यांनी सरळ विचारलं. सिद्धांताच्या अंगानं या प्रश्नावर पुष्कळ वाद झाले आहेत. मला वाटतं, तो तपासून पाहायची आणखी एक जागा आहे, ती म्हणजे शोकाच्या कथा. पिचलेला माणूस बुद्धांकडे आला तेव्हा त्याला काय मिळालं आणि परत जाताना तो कसा होता, हे तिथे उघड दिसतं.

आधी थोडा सिद्धांत. दुःखाच्या आर्यसत्याचं विवरण करताना पाली ग्रंथ जन्म, जरा आणि मरण यांच्यासोबत पाच गोष्टी सांगतात: सोक (शोक), परिदेव (विलाप), दुक्ख (शरीराचं दुःख), दोमनस्स (मनाचं दुःख), उपायास (हताशा). पाचव्या शतकात पाली भाष्यकार बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' लिहिला. त्यात यांपैकी तिघांतला फरक त्यांनी चुलीवरच्या भांड्यावरून दाखवला आहे. मंद आचेवर भांड्यातलं तेल आतल्या आत कढत राहतं, तो शोक. आच वाढली की ते उतू जातं, तो विलाप. उतू जाऊन जे तळाशी उरतं, ज्यात आता बाहेर येण्याचंही बळ नसतं आणि जे आटेपर्यंत तिथेच कढत राहतं, तो उपायास. माणूस रडायचा थांबला म्हणजे सावरला असं आपण धरून चालतो. बुद्धघोषांच्या हिशेबात रडू न येणं ही तिन्हींतली सर्वांत वाईट अवस्था असू शकते. ज्यानं शोकग्रस्त माणसं जवळून पाहिली आहेत, त्याला हे पटेल.

बुद्धवचनांच्या संयुत्त निकाय या संग्रहातल्या उपनिस सुत्तात, म्हणजे उपदेशात, याच्याही पुढची गोष्ट आहे. अविद्येपासून जन्मापर्यंतची कार्यकारणांची साखळी एरवी दुःखापाशी येऊन थांबते. इथे ती थांबत नाही. दुःखाच्या आधारानं श्रद्धा उपजते, श्रद्धेतून प्रमोद, मग प्रीती, शांतता, सुख, समाधी, यथार्थ ज्ञान आणि शेवटी विमुक्ती. म्हणजे मुक्तीच्या वाटेवरची पहिली पायरी दुःखाला लागून आहे. शोकाच्या कथांना बौद्ध साहित्यात एवढी जागा का, याचं माझ्या मते सगळ्यांत नेमकं उत्तर या सुत्तात आहे.

आता किसा गोतमी. मोहरीची कथा सगळ्यांनी ऐकलेली असते, पण ती भरभर सांगितली जाते आणि तिची घडण निसटते. ही कथा अट्ठकथेत, म्हणजे मूळ ग्रंथांवरच्या भाष्यात, आहे. नुकतं पावलं टाकू लागलेलं एकुलतं मूल दगावलं आहे. गोतमीनं आजवर मरण पाहिलेलंच नाही, म्हणून ती मुलाला घेऊन औषध मागत फिरते. लोक तिला वेड्यात काढतात. बुद्ध मात्र 'तुझं मूल मेलं आहे' असं म्हणत नाहीत. औषध मिळेल म्हणतात आणि तिला एक काम देतात: ज्या घरात कुणीच मेलेलं नाही अशा घरातून चिमूटभर पांढरी मोहरी आण.

ती परत येईपर्यंत बुद्ध कथेत दिसतच नाहीत. उपदेश करतात ती श्रावस्तीतली साधी माणसं. प्रत्येक घरात मोहरी आहे आणि प्रत्येक घरी कुणीतरी गेलेलं आहे. एका दारात तिला ऐकावं लागतं की बाई, जिवंत आहेत ते थोडे, मेलेलेच फार. सकाळी तिच्याजवळ स्वतःचंच दुःख होतं. संध्याकाळपर्यंत तिच्या कानांवर सगळ्या गावाचं दुःख पडलेलं असतं. मग ती मुलाला स्मशानाकडे नेते, तेही कुणी न सांगता. 'सर्व अनित्य आहे' हे वाक्य बुद्धांनी तिला दारातच ऐकवलं असतं तर ते एक मत ठरलं असतं. दारोदार हिंडून तिनं ते स्वतः गोळा केलं.

भिक्खुणींच्या गाथांचा संग्रह असलेल्या थेरीगाथेतली किसा गोतमी मात्र निराळी आहे. तिथे मोहरी नाही. ती स्त्रीजन्माच्या हालांबद्दल बोलते: सवतीसोबत नांदणं, बाळंतपणाच्या वेदना, ते सोसवेना म्हणून गळा चिरून घेणाऱ्या आणि विष घेणाऱ्या बायका. या साहित्यात शोक फक्त मृत्यूचा नाही, हे या गाथांमुळे कळतं. समाजानं दिलेली दुःखंही त्याच यादीत आहेत आणि त्यांची नावं घेताना आवाज खाली केलेला नाही.

पटाचाराची कथा याहून कठोर आहे. श्रावस्तीच्या श्रेष्ठीची मुलगी, घरातल्या नोकराबरोबर पळून गेलेली. दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी येताना वाटेत वादळ गाठतं. आडोशासाठी झुडपं तोडायला गेलेला नवरा सर्पदंशानं मरतो. दुसऱ्या दिवशी अचिरवती नदीला पूर. दोन्ही मुलांना एकदम नेता येत नाही, म्हणून ती थोरल्याला अलीकडे ठेवते, तान्ह्याला पलीकडे नेऊन पानांवर निजवते आणि मागे वळते. मध्यावर येते तोच ससाणा तान्ह्यावर झडप घालतो. त्याला हाकलायला ती दोन्ही हात उंचावून ओरडते. अलीकडच्या काठावरच्या मुलाला वाटतं, आई बोलावते आहे. तो पाण्यात उतरतो.

ही कथा रचणाऱ्यानं किती विचार केला असेल! एका मुलाला वाचवायला वर गेलेले हात दुसऱ्याला घेऊन जातात. शोकात माणूस हजार वेळा स्वतःला विचारतो, मी तसं केलं नसतं तर? इथे या प्रश्नाला कुठेच टेकायला जागा नाही. तिनं केलं ते कोणत्याही आईनं केलं असतं. पुढे श्रावस्तीच्या वेशीवर तिला कळतं की रात्रीच्या पावसात घर कोसळून आई, वडील आणि भाऊ गेले, तिघे एकाच चितेवर जळत आहेत. ती भान हरपून, अंगावरच्या वस्त्राचीही शुद्ध न राहून भटकत राहते. लोक ढेकळं मारतात. बुद्ध राहत त्या जेतवन विहारात ती शिरू लागते तेव्हा लोक अडवतात, आणि बुद्ध म्हणतात, तिला अडवू नका. जवळ आल्यावर पहिलं वाक्य एवढंच: भगिनी, भानावर ये. कुणीतरी आपलं उपरणं तिच्याकडे टाकतो. उपदेश त्यानंतरचा.

पटाचारेची मुक्ती त्या भेटीत होत नाही, ती पुढे भिक्खुणी झाल्यावर होते, आणि तो प्रसंग थेरीगाथेत तिच्याच तोंडून आहे. ती पाय धुते आणि पाणी उंचावरून उताराकडे जाताना पाहते. अट्ठकथा सांगते की तिनं तीनदा पाणी ओतलं. पहिलं थोडं जाऊन जिरलं, दुसरं जरा पुढे, तिसरं त्याहून पुढे. कुणी बालपणी जातं, कुणी मध्यम वयात, कुणी उतारवयात. मग ती दिवा घेऊन खोलीत येते, खाटेवर बसते, सुईनं वात खाली ओढते. दिवा विझतो तसं तिचं चित्त मोकळं होतं. ज्या बाईची माणसं पाण्यानं नेली, ती पुन्हा पाण्याकडेच पाहते आहे, आणि आता तिला त्यात नियम दिसतो. गाथेत तिच्या मुलांचा उल्लेखसुद्धा नाही. तरी कथा माहीत असलेला वाचक ते पाणी वाहताना पाहून थबकल्याशिवाय राहत नाही.

या साहित्यात एक युक्ती वारंवार भेटते. शोक पुसायच्या ऐवजी तो मोजायला लावतात, आणि मोजता मोजता मोजणारा बदलतो. संयुत्त निकायातल्या अस्सु सुत्तात बुद्ध भिक्खूंना विचारतात, या दीर्घ संसारात आई, बाप, मुलं गमावून तुम्ही ढाळलेले अश्रू जास्त, की चार महासागरांचं पाणी? थेरीगाथेतली उब्बिरी स्मशानात 'जीवा, जीवा' म्हणून मेलेल्या लेकीला हाका मारते. बुद्ध तिला सांगतात, याच स्मशानात जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुली जळल्या, त्यांपैकी तू कुणासाठी रडतेस? आकडा अर्थातच गणिताचा नाही. पण प्रश्न ऐकताच 'माझी जीवा' एकटी राहत नाही. तिचं नाव असलेल्या अगणित लेकी तिच्या शेजारी येऊन उभ्या राहतात. पुढच्याच गाथेत उब्बिरी म्हणते की बाण निघाला.

उदान या ग्रंथातल्या विशाखेची गोष्ट मला अनेक वर्षं खटकत असे. लाडकी नात गेली आहे. भर दुपारी केस आणि कपडे ओले, अशी ती येते. बुद्ध विचारतात, श्रावस्तीत जेवढी माणसं आहेत तेवढी मुलं-नातवंडं तुला हवीत का? ती हो म्हणते. मग, श्रावस्तीत रोज किती माणसं मरतात? ती दहापासून सुरुवात करून एकावर येते आणि म्हणते, कुणी मरत नाही असा दिवसच नसतो. मग तुझे केस आणि कपडे कधी कोरडे राहतील का? ऐकायला हे निष्ठुर वाटतं. पण विशाखा धम्मात मुरलेली उपासिका होती, आणि निष्कर्ष बुद्ध काढून देत नाहीत, तो तिच्याच उत्तरांतून निघतो. पटाचारेला त्यांनी असे प्रश्न विचारले नाहीत. कोण आलं आहे, हे पाहून औषध बदलतं.

आणि औषध लागू न पडल्याची नोंदही या ग्रंथांनी ठेवली आहे, ही मला फार मोलाची वाटते. मज्झिम निकायातल्या पियजातिक सुत्तात एकुलता मुलगा गेलेला एक गृहस्थ येतो. त्याचं कामात लक्ष नाही, जेवणात नाही, स्मशानात जाऊन 'कुठे आहेस, बाळा' म्हणून रडतो. बुद्ध म्हणतात, प्रियजनांपासूनच शोक उपजतो. तो म्हणतो, छे, प्रियजनांपासून तर आनंद मिळतो! आणि उठून निघून जातो. वाटेत जुगार खेळणाऱ्यांना तो हे सांगतो आणि त्यांना त्याचंच म्हणणं पटतं. बुद्धांचं वाक्य तिथे वाया गेलं. पुढे तेच वाक्य कोसलचा राजा पसेनदी याच्या कानावर जातं आणि राणी मल्लिका त्याला ते उलगडून दाखवते. वजिरी ही आपली मुलगी तुम्हाला प्रिय आहे ना? तिला काही झालं तर? राजाला तत्काळ पटतं, कारण प्रश्न त्याच्या लेकीचं नाव घेऊन आला आहे. सत्य एकच असूनही एका ऊरफुट्या बापाला ते पोचलं नाही आणि दुसऱ्या बापाला, ज्याची लेक अजून जिवंत होती, पोचलं. म्हणून मला वाटतं, चिता विझण्याआधी कुणाला अनित्यतेचं प्रवचन देऊ पाहणाऱ्यानं हे सुत्त आधी वाचावं.

एवढं वाचून कुणी म्हणेल की हे सगळं सामान्यांपुरतं. ज्यांनी धम्म पचवला त्यांना शोक कसला? बुद्धांचे पट्टशिष्य सारिपुत्त यांच्या निधनाची बातमी आली तेव्हा बुद्धांच्या सेवेत असलेले शिष्य आनंद त्यांना सांगतात की माझं अंग गळून गेलं आहे, मला दिशा सुचत नाहीत, धम्मसुद्धा आठवत नाही. बुद्ध विचारतात, सारिपुत्त जाताना तुझं शील घेऊन गेले का, समाधी घेऊन गेले का, प्रज्ञा घेऊन गेले का? आनंद म्हणतात, नाही, पण ते मला किती समजावून सांगत, किती आधार देत. हे 'पण' ग्रंथानं गाळलेलं नाही. त्याच्या लगतच्याच सुत्तात, सारिपुत्त आणि दुसरे पट्टशिष्य मोग्गल्लान दोघेही गेल्यावर, बुद्ध भिक्खूंच्या मेळ्याकडे पाहून म्हणतात की मला ही परिषद रिकामी वाटते आहे. पुढे ते हेही सांगतात की तथागताच्या, म्हणजे बुद्धाच्या, ठायी शोक नाही. पण जागा रिकामी झाली हे त्यांनी झाकलं नाही. शोक नसणं आणि उणीव न जाणवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतलं अंतर या एका सुत्तात जितकं दिसतं तितकं मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

बुद्धांच्या अखेरच्या वेळी, कुसिनारेला, आनंद विहारात जाऊन, दाराला टेकून रडत उभे राहतात. अजून मला शिकायचं राहिलं आहे आणि माझ्यावर अनुकंपा करणारे शास्ते निघाले, हे त्यांचे शब्द. बुद्ध त्यांना बोलावून घेतात, शोक करू नकोस म्हणतात आणि लगेच त्यांच्या प्रेमळ सेवेचं सर्वांसमक्ष कौतुक करतात. परिनिर्वाणानंतर काही भिक्खू हात वर करून आक्रोश करतात, जमिनीवर लोळतात. ज्येष्ठ भिक्खू अनुरुद्ध त्यांना समजावतात: पुरे, शोक करू नका, विलाप करू नका, प्रियजनांचा वियोग होतोच असं भगवंतांनी आधीच सांगितलं होतं ना? तिकडे पावा ते कुसिनारा वाटेवर दुसरे ज्येष्ठ भिक्खू महाकस्सप यांच्या संघाला बातमी कळते आणि तिथेही भिक्खू रडू लागतात. तेव्हा उतारवयात भिक्खू झालेला सुभद्द म्हणतो: पुरे, शोक करू नका, विलाप करू नका, त्या महाश्रमणापासून आपण सुटलो! 'हे चालेल, हे चालणार नाही' असं म्हणून ते आपल्याला त्रास देत, आता मनाला येईल ते करू.

सुरुवातीचे शब्द अक्षरशः तेच आहेत. एकाच्या तोंडी ते प्रज्ञा आहेत, दुसऱ्याच्या तोंडी बेपर्वाई. 'शोक करू नका' हे वाक्य स्वयंभू धम्म नाही, हे एवढ्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही. सुभद्दाचे कोरडे डोळे त्या रडणाऱ्या भिक्खूंच्या पुढचे नव्हते, मागचे होते. परंपरा सांगते की याच उद्गारांची आठवण देऊन महाकस्सपांनी राजगृहाला पहिली संगीती, म्हणजे धम्माच्या पठणाची सभा, भरवली. धम्म जपून ठेवण्याची निकड ज्या उद्गारांनी निर्माण केली, ते शोक नसलेल्या माणसाचे होते.

संस्कृतात शोक मांडण्याचं हे काम काव्यानं केलं. साधारण पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या अश्वघोषानं 'बुद्धचरिता'त सिद्धार्थाला सोडून रिकाम्या घोड्यासह परतलेला त्याचा सेवक छंदक आणि अंतःपुराचा आकांत रंगवला, तर 'सौंदरनंदा'त बुद्धांचा सावत्र भाऊ नंद आणि त्याची बायको सुंदरी यांचे विलाप एकापुढे एक सर्गांत घातले. चेहऱ्यावरची रंगरेषा सुकण्याआधी परत या, असं सुंदरीनं नंदाला बजावलेलं असतं, आणि तो भिक्षू होऊनच राहतो. काव्याच्या शेवटी अश्वघोष हेतू उघड करतो: ही कृती रंजनासाठी नाही, शांतीसाठी आहे, कडू औषध पिता यावं म्हणून त्यात मध घातला आहे. पण मधाला स्वतःची ओढ असते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात नंदाची कथा चित्रित आहे आणि तिच्यातलं सर्वांत गाजलेलं दृश्य आहे सुंदरीच्या कोसळण्याचं, जे 'मरणासन्न राजकन्या' म्हणून ओळखलं जातं. नंद अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाला हे किती जणांना आठवतं?

वेस्संतर जातकात, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्माच्या कथेत, तर शोक शिकवणीच्या विरुद्धच उभा राहतो की काय असं वाटतं. दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता, गाठण्यासाठी राजपुत्र वेस्संतर आपली दोन्ही मुलं जूजक नावाच्या ब्राह्मणाला देऊन टाकतो. जूजक त्यांना वेलीनं बांधून मारत नेतो. रानातून परतलेली त्यांची आई मद्दी रात्रभर त्यांना शोधत विलाप करते. शेवटी मुलं परत मिळतात, दानाचा महिमा गायला जातो. मला हे दान आजही मान्य होत नाही. पण जातकानं मद्दीचा विलाप आखडता घेतलेला नाही, आणि 'मिलिंदपञ्हा'त राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना याच दानाबद्दल टोचून विचारतो. म्हणजे शंका घेणाऱ्यासाठी परंपरेनं जागा ठेवली आहे.

उब्बिरीची 'बाण निघाला' ही गाथा पाहा. 'काळजात रुतलेला, दिसायला कठीण असा माझा बाण उपटला, शोकानं घेरलेल्या माझा लेकीचा शोक दूर केला.' जवळजवळ हीच गाथा पटाचारेनं समजावलेल्या पाचशे स्त्रिया म्हणतात, फक्त लेकीच्या जागी 'पुत्र' येतो. सुजात जातकात आजोबांच्या समाधीपाशी झुरणाऱ्या बापाला मुलगा भानावर आणतो, मेलेल्या बैलापुढे गवत-पाणी ठेवून. तिथे तो बापही हीच गाथा म्हणतो, 'पितृशोक' एवढा शब्द बदलून. गाथा ठरलेली, नात्याची जागा मोकळी. ज्याचं जे गेलं त्यानं ते तिथे घालावं.

अंगुत्तर निकायात या बाण काढण्याचं नावच एका उपदेशाला आहे: सोकसल्लहरण. पाटलिपुत्राचा राजा मुंड याची राणी भद्दा गेली आहे. तो नाहत नाही, जेवत नाही, राजकाज पाहत नाही. राणीचा देह दीर्घकाळ पाहता यावा म्हणून तो तेलाच्या लोखंडी द्रोणीत ठेवून वर दुसरी द्रोणी झाकायला सांगतो. कोषाध्यक्ष पियक त्याला कुक्कुटारामातल्या नारद भिक्खूंकडे नेतो. नारद सांगतात ते साधं आहे: म्हातारं होणाऱ्यानं म्हातारं होऊ नये, मरणाऱ्यानं मरू नये, हे कुणालाच मिळत नाही, श्रमणाला नाही, देवालाही नाही. मी त्यासाठी झुरत बसलो तर अन्न गोड लागणार नाही, अंगावरची कळा जाईल, कामं अडतील, शत्रू सुखावतील आणि मित्र कष्टी होतील. जे मिळणारच नाही ते न झुरता सोसावं आणि स्वतःला विचारावं, आता मी कोणतं काम नेटानं करू?

मुंड अर्हत होत नाही, भिक्खूही होत नाही. तो पियकाला सांगतो: राणीच्या देहाला अग्नी द्या आणि तिच्यासाठी स्तूप बांधा. आजपासून मी स्नान करीन, जेवीन आणि कामाला लागेन.